खिरीचा गंज आणि माझा अंगठा

मला गाडी चालवता येते, असं वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत माझं प्रामाणिक मत होतं.

हे मत यंदा बुद्धपौर्णिमेच्या आठ दिवस आधी बदललं. आमच्या वस्तीत विहारातली खीर दरवर्षी एका घराकडे असते, आणि यंदा पहिल्यांदाच तो मान आमच्याकडे आला होता. माझी आई (आम्ही तिला माय म्हणतो) कित्येक वर्षं याची वाट बघत होती. अडचण एकच. आमचं घर मेडशीच्या अलीकडे शेतात, विहार गावात, आणि मधल्या रस्त्यावर ऑटोवाला दुप्पट पैसे देऊनही येत नाही. बैल होते तेव्हा बंडी होती, पण बैल विकून झाले. म्हणून मी एका बंद पडलेल्या पर्यटन केंद्रातली जुनी क्वाड बाईक स्वस्तात उचलून आणली. चार जाडजूड चाकं आणि मागे लोखंडी कॅरिअर!

मायनं तिच्याभोवती एक चक्कर मारली. "चाकं चार, अन् बसाचं घोड्यावानी. कोणतं तरी एक ठरवाव ना."

या गाडीचा गिअर पायानं टाकायचा आणि रेस उजव्या अंगठ्यानं दाबायची. मी रिसोडला एका कार्यालयात कारकून आहे. दिवसभर लोकांचे अंगठे मशीनवर टेकवून घेतो, आणि नीट उमटला नाही तर वर त्यांनाच बोलतो. आता माझाच अंगठा माझं ऐकेना. गिअर टाकताना तो रेसवर तसाच दाबलेला! पहिल्यातून दुसऱ्यात जाताना गाडी बेडकासारखी उडाली आणि मी बांधावरच्या तुराट्यांच्या ढिगात जाऊन पडलो. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाण्याचा प्रश्नच आला नाही, कारण गाडीवर मी नव्हतो.

दुसऱ्या दिवशी बायकोला, सुनंदाला, मागे बसवलं. दर गिअरला तिचं कपाळ माझ्या पाठीवर आपटत होतं.

"लागलं का?" मी विचारलं.

"कपाळाले सवय झाली. तुमी चालवा."

तिसऱ्या दिवशी कॅरिअरवर गंज बांधला (गंज म्हणजे आमच्याकडचं मोठं पातेलं) आणि खिरीऐवजी त्यात पाणी भरलं. नाल्यापर्यंत जाऊन आलो. गंजात तळाशी तांब्याभर पाणी उरलं होतं. बाकीचं सुनंदाच्या साडीत आणि माझ्या शर्टात होतं.

मायनं बाजेवरून उठून गंजात डोकावलं. "खीर असती त तुमी दोघं पोटभर जेवले असते." मग ती एकदम गंभीर झाली. "राहू दे, परकाश. वस्ती उपाशी नको राहाले. मीच नेतो डोक्यावर."

माय बहात्तर वर्षांची आहे. ते वाक्य मला फार लागलं. दुपारी जेवणसुद्धा गेलं नाही.

सुनंदा मशीनवर मायचं पौर्णिमेचं पांढरं पोलकं शिवत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "कोपरा आला का आमी पाय थांबवतो. मंग कापड फिरवतो. मंग पुन्हा पाय चालवतो. तसंच फिरवलं त सुई तुटते."

"मंग?"

"मंग तुमी गेर टाकताना अंगठा काहून नाही सोडत?"

"शिलाई मशीन वेगळं, गाडी वेगळी. तुले त्याच्यातलं नाही समजत," असं मी तिला सुनावलं.

(दुसऱ्या दिवशी दिवस उगवायच्या आत, कोणी पाहत नाही असं बघून, मी तसंच करून पाहिलं. अंगठा सोडला, गिअर टाकला, अंगठा दाबला. गाडी दुसऱ्यात इतकी अलगद गेली की गिअर पडला की नाही, हे मी खाली वाकून बघितलं! मग तिसरा. मी रिकाम्या शेतात जोरात ओरडलो.)

सुनंदा दारात उभी होती. "सुई तुटली का?" तिनं विचारलं.

पौर्णिमेला गंज गळ्यापर्यंत खिरीनं भरला. सुनंदा सकाळीच पायी पुढे गेली होती. झाकण मायनं स्वतः बसवलं, वरून फडकं बांधलं, आणि पांढरं लुगडं नेसून माझ्या मागे बसली. पहिला, दुसरा, तिसरा! नाल्याच्या उतारावर तिसऱ्यातून परत दुसऱ्यात आलो, तरी मायचा पदरसुद्धा हलला नाही. विहारासमोर उतरलो तेव्हा लुगड्यावर खिरीचा एक थेंब नव्हता. मी जमलेल्या लोकांना, कोणी विचारलं नसताना, अंगठा कधी सोडायचा हे समजावून सांगितलं. शिलाई मशीनचा उल्लेख राहून गेला.

मग झाकण उघडायला गेलो, तर उघडेना.

"कणकेनं लिंपलं हाये," माय म्हणाली.

"काहून?"

"तुया अंगठ्यावर भरोसा नोता."

सगळी वस्ती हसली. मायनं पळीच्या दांड्यानं कणीक फोडली, झाकण उलटं केलं आणि आतून बोट फिरवलं. नुसती वाफ! खिरीचा एक शिंतोडा वर उडाला नव्हता. तिनं झाकण सगळ्यांना दाखवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, सुनंदानं सगळ्यात जास्त. माझा ऊर भरून आला. मायचेही डोळे भरले होते. सेहेचाळीस वर्षांत पहिल्यांदा तिच्या तोंडून कौतुक ऐकायला मिळणार म्हणून मी सरसावून उभा राहिलो.

"अबे," ती म्हणाली, "मंग एवढी कणीक वायाच गेली ना."

ती वाया गेली नाही. वस्तीनं त्या दिवशी दोन-दोन वाट्या खीर खाल्ली, आणि संध्याकाळी विजयी वीराच्या ताटात त्याच कणकेच्या, पुन्हा भिजवून मळलेल्या पोळ्या होत्या.