थोरला, धाकटा आणि पाळंदेकाका

पाळंदेकाका सकाळी विभागात आले की दाराशी चपला काढायचे आणि टेबलावरच्या दोन्ही संगणकांवर एकेक तळहात ठेवायचे. पोराच्या कपाळाला हात लावून ताप बघावा तसे. मग थोरला सुरू करायचे आणि तो नीट जागा झाल्यावरच धाकटा. थोरला म्हणजे जुना ३८६. गणितासाठी त्याला शेजारी वेगळी चिप बसवलेली होती. धाकटा म्हणजे नवा ४८६. गणित त्याच्या पोटातच, वेग सहासष्ट मेगाहर्ट्झ, आणि डोक्यावर सतत घरघरणारा पंखा. थोरल्याला पंखा लागत नसे.

बनारसमधल्या त्या इस्पितळाचं नाव मी सांगणार नाही. कॅन्सरच्या पेशंटना तिथे कोबाल्टच्या यंत्रातून किरण दिले जात. पेशंटला यंत्राखाली किती मिनिटं आणि किती सेकंद ठेवायचं, ते आम्ही संगणकावर काढायचो. काका भौतिकशास्त्राचे जाणकार, मी त्यांची असिस्टंट. आमची घरं मंगला गौरीच्या देवळाजवळ एकाच गल्लीत होती, म्हणून इस्पितळातही मी त्यांना काकाच म्हणायची. बाकी सगळ्यांचे ते ‘पालंदे जी’.

एकाच पेशंटचं गणित धाकटा चार मिनिटांत करायचा आणि थोरला अठरा मिनिटं घ्यायचा. तरी काका प्रत्येक गणित दोघांवर करायचे आणि दोन्ही कागद खिडकीच्या उजेडात एकमेकांवर धरून बघायचे.

“काका, दोन्ही तर एकच उत्तर देतात. मग कशाला?” मी एकदा विचारलं.

“आजपर्यंत दिलं, नलू. आजचं अजून दिलेलं नाही.”

धाकट्याबद्दल त्यांच्या मनात काहीतरी खटकत होतं. आला त्या दिवसापासून ते म्हणायचे, “हा गरम लवकर होतो. सहासष्टवाल्याने इतकं तापायला नको.” पुरवठादाराला त्यांनी दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं की उन्हाळ्यात सगळंच तापतं. काकांनी ते उत्तर घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि मला म्हणाले, “जल्दी आलेलं उत्तर निराळं आणि खरं उत्तर निराळं. दोन्ही एकदम आली तर नशीब समज.”

पंच्याण्णवच्या मे महिन्यात काकांची आई गेली. ऐंशीच्या वर वय, तरी काका लहान मुलासारखे हवालदिल झाले. मणिकर्णिकेवरून थेट ते विभागाच्या दारापर्यंत आले. डोक्याचं मुंडण केलेलं, अंगावर ओलं धोतर. सुतक होतं म्हणून उंबरा ओलांडला नाही. बाहेरूनच म्हणाले, “तेरा दिवस मी नाही. थोरल्याशी ताडून बघितल्याशिवाय कुणालाही आत पाठवू नकोस. वचन दे.”

मी वचन दिलं आणि दोन दिवस पाळलंही.

तिसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली. दोन तासांनी आली, पण एसी सुरू होईना. खोलीत श्वास घेववत नव्हता. बाहेर बाकांवर मिर्झापूरहून, गाझीपूरहून पहाटे निघालेले पेशंट ताटकळले होते. कुणाची मान सुजलेली, कुणाला बसवत नव्हतं. विभागप्रमुख दारातून ओरडले, “आज क्या शाम कर देंगी?” मी थोरल्याकडे पाहिलं. एकेका पेशंटला अठरा मिनिटं. मी त्याचा पडदा बंद केला. त्या दिवसापासून सगळी गणितं एकट्या धाकट्यावर केली. रोज वाटायचं, उद्यापासून ताडून बघू.

चौदाव्या दिवशी काका आले. दोन्ही संगणकांवर हात ठेवले आणि थोरल्यावरचा हात उचललाच नाही. त्याच्यावर धुळीचा थर होता. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि माझ्या सगळ्या पेशंटचे कागद मागितले.

तो दिवस आणि दुसरा अर्धा दिवस थोरला चालत राहिला. सव्वीस पेशंट होते. काका एकेक कागद उजेडात धरून बाजूला ठेवत होते. जुळलं. जुळलं. मला हळूहळू धीर येत होता. एकोणिसावा कागद त्यांनी धरला तो धरूनच ठेवला.

शांतीदेवी, राहणार रामनगर. बांगड्यांचं दुकान. मानेत गाठ. गणित एसी बंद पडला त्या दुपारचं. थोरला सांगत होता दोन मिनिटं दहा सेकंद. धाकट्याने सांगितलं होतं तीन मिनिटं पंचवीस सेकंद. त्या बाईला रोज तेवढा वेळ किरण दिले गेले होते, नऊ वेळा. मानेतून मज्जारज्जू जातो, आणि हातपाय त्याच्याच जोरावर हलतात.

काकांनी तेच गणित धाकट्यावर पुन्हा केलं. बरोबर आलं. मग त्यांनी एसी बंद केला, खिडक्या लावल्या आणि आम्ही घामाने निथळत बसलो. तासाभराने पुन्हा केलं. चूक आली, आणि या वेळी ती तिसरीच होती.

त्यांनी यंत्र उघडलं, पंखा उतरवला, कापसाचा बोळा अॅसिटोनमध्ये भिजवला आणि चिपच्या पाठीवरून फिरवला. कापूस काळा झाला. ६६ हा आकडा कापसावर आला होता. खाली घासून पुसट केलेला ५० दिसत होता.

“पन्नासच्या जिवाला कुणीतरी सहासष्टचं धावायला लावलं,” काका म्हणाले. “थंडीत धावला बिचारा. उन्हाळ्यात भ्रमिष्ट झाला.” मग माझ्यापुढे कोरा कागद ठेवला. “आता तू लिही. काय केलंस, कधीपासून केलंस. मी सांगणार नाही आणि लपवणारही नाही. तुझ्या हाताने लिही.”

मी लिहिलं. अक्षर माझं वाटत नव्हतं. त्याखाली त्यांनी स्वतःचं वाक्य घातलं: ‘शंका असतानाही हा संगणक मी वापरात राहू दिला.’ आणि सही केली.

शांतीदेवींचे किरण त्याच दिवशी थांबवले. विभागप्रमुखांनी आमचा कागद वाचून फायलीत घातला. “पालंदे जी, मशीन है, हो जाता है. मरीज़ को बताकर क्या मिलेगा? डर से ही मर जाएगी.”

“डरेल,” काका मराठीतच बोलले. मग सावरून म्हणाले, “डरना उसका हक़ है, साहब.”

त्या रविवारी ते मला घेऊन नावेने रामनगरला गेले. शांतीदेवी खाटेवर बसून बांगड्या दोऱ्यात ओवत होत्या. मान भाजल्यासारखी लाल झाली होती. काकांनी जमिनीवर बसून सगळं सांगितलं. “हमसे ग़लती हुई है. गर्दन ठीक हो जाएगी. पर छह महीने, साल, दो साल में पैरों पर असर आ सकता है. शायद न भी आए.” बाईंनी हातातली बांगडी दोऱ्यात ओवली. मग म्हणाल्या, “तो पता कैसे चलेगा?”

“मैं आकर देखूँगा.”

आणि ते खरंच जात राहिले. दर रविवारी. अंगणाच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत त्या चालायच्या, काका पायांकडे बघायचे, चहा प्यायचे आणि परत यायचे. मी कधी जायची, कधी टाळायची. पाऊस संपला, थंडी आली, गेली. पाय चांगले होते. आम्हाला वाटू लागलं की वाचलो. काकांना नाही वाटलं. सोमवारी सकाळी मी विचारायची, “कशा आहेत?” ते म्हणायचे, “काल ठीक होत्या.”

पुढच्या वर्षी काकांना विभागातून काढून जुन्या नोंदींच्या खोलीत बसवलं. कारण कुणी दिलं नाही. तिथे ना संगणक, ना पेशंट. चार महिन्यांत त्यांनी राजीनामा दिला आणि बहिणीकडे नागपूरला जायचं ठरवलं. स्टेशनवर मी एकटीच पोहोचवायला गेले होते. गाडीने शिटी दिल्यावर खिडकीतून म्हणाले, “नलू, आता रविवार तुझे. आणि एक. मी तिला ‘हमसे’ म्हणालो होतो. म्हणजे कुणाकडून, ते मी सांगायचं नव्हतं.”

दोन वर्षांनी नागपूरहून ते गेल्याचं पत्र आलं. हृदयविकाराने, झोपेत.

पण मला सांगायचा आहे तो त्यांनी बनारस सोडल्यानंतरचा पहिलाच रविवार. गाडी सुटल्यावर चौथ्या दिवशी मी एकटी रामनगरला गेले. शांतीदेवींनी विचारलं, “साहब नहीं आए?” मी सांगितलं. त्यांनी पदर सारखा केला आणि न सांगता उठून भिंतीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. मग चालू लागल्या. अंगणाच्या मधोमध डावं पाऊल जमिनीवरून उचललंच गेलं नाही. घासत पुढे आलं. पुन्हा एकदा घासलं. त्यांना ते कळलं नव्हतं. समोरच्या भिंतीला हात लावून वळल्या आणि माझा चेहरा पाहून थांबल्या.

“क्यों बिटिया, ठीक नहीं चली? फिर से चलूँ?”

“नहीं अम्मा, बैठिए,” मी म्हणाले. त्यांना धरून खाटेवर बसवलं, स्वतः खाली जमिनीवर बसले. “उन तेरह दिनों में उस मशीन के सामने मैं बैठी थी.”