बायजाचे अण्णाजी

अण्णाजी माणसाच्या तोंडाकडे बघत नसत, हातांकडे बघत. अकोला–अकोट रस्त्यावर शहर संपतं तिथे आम्ही घर बांधलं, तेव्हा वास्तुशांतीचे पेढे घेऊन मी शेजारच्या पत्र्याच्या फाटकाशी गेले. आतून धोतर-बनियनमधले एक उंच, वाळके गृहस्थ आले. फाटक न उघडताच म्हणाले, "हात दाखवा." मी पेढ्यांचा डबा पुढे केला. "डबा नाई. हात." मी मुकाट्याने दोन्ही तळवे पुढे केले. त्यांनी ते उलटसुलट पाहिले आणि कडी काढली. "खडू हाय. मास्तरीण हा तुमी. या."

जठारपेठेतल्या शाळेत मी तेव्हा शिकवत होते. पस्तीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्या, पण स्वतः तपासली गेले ती त्याच दिवशी. पेढा मात्र त्यांनी खाल्ला नाही. आधी तिपाईला हुंगायला दिला. तिपाई म्हणजे त्यांची तीन पायांची कुत्री. तिने खाल्ला, काही झालं नाही, तेव्हा कुठे उरलेला अर्धा अण्णाजींच्या तोंडात गेला.

नोकरी जनावरांच्या सरकारी दवाखान्यात. कागदावर हुद्दा व्रणोपचारक, लोकांच्या तोंडी ड्रेसर. आयुष्य मात्र घोड्यांत गेलं. घरची काळी जमीन भावांनी कसली आणि हे बाजार-जत्रांतून घोडी बघत हिंडले. बायको लवकर गेली, मुलगी लग्न होऊन अमरावतीला. निवृत्त झाल्यावर फाटकामागच्या अर्ध्या एकरात त्यांनी लोकांनी टाकून दिलेली जनावरं आणून ठेवली: म्हातारी घोडी, कान तुटलेलं मांजर, खरजेची कुत्री. दुरुस्त झालेलं जनावर ते चांगल्या घरी देत. पण चांगलं घर सापडायचंच नाही. जठारपेठेतल्या एका कुटुंबाला मांजराचं पिल्लू हवं होतं. अण्णाजी न सांगता त्यांच्याकडे जाऊन आले आणि पिल्लू पुन्हा खिशात घालून परतले. "सोफ्यावरचं प्लास्टिक नाई काढलं त्याईनं अजून," मला म्हणाले. "मांजरीले नखं घासू देतीन का ते?"

आमच्याकडे एक कुत्रं दिलं, तर महिनाभर हा माणूस आमच्या जेवणाच्या वेळी हजर. माझ्या ताटाकडे ढुंकूनही बघायचे नाहीत, सरळ मागच्या अंगणात जाऊन कुत्र्याच्या पाण्यात बोट बुडवायचे. मला राग यायचा. एकदा म्हटलंही, "अण्णाजी, माझ्यावर एवढाही विश्वास नाही?" ते शांतपणे म्हणाले, "तुमच्यावर हाय. पाण्यावर नाई." हे उत्तर त्यांनी मला चुचकारायला दिलं होतं, हेही मला कळत होतं.

त्यांचा सगळ्यात मोठा संशय होता गजूवर. गजू अकोटचा घोडीवाला, वरातीत नवरदेवाला घोडी पुरवणारा. बायजा ही पांढरी घोडी मूळ त्याची. एका वरातीत तिच्या तोंडाजवळ फटाका फुटला. डावा डोळा गेला, बिथरून डांबरावर पडली आणि उजव्या पुढच्या पायाचा गुडघा कायमचा बिघडला. गजूने तिला टेम्पोत घालून अण्णाजींच्या फाटकाशी आणलं, "माह्यानं होत नाई, अण्णाजी," एवढं बोलला आणि गेला. तो तिला राणी म्हणायचा. अण्णाजींनी पहिलं काम केलं ते नाव बदलण्याचं.

त्यानंतर दर रविवारी गजू यायचा. मोटरसायकलला हिरव्या चाऱ्याची पेंढी बांधलेली. पेंढी फाटकाशी ठेवायची, तारेच्या कुंपणाला वळसा घालून घोडीच्या डाव्या, म्हणजे आंधळ्या बाजूला जाऊन उभं राहायचं, पुटपुटल्यासारखं काही बोलायचं आणि निघून जायचं. ती पेंढी अण्णाजी काडी काडी सोडून तपासत आणि शेजारच्या बकऱ्यांना टाकत. "घास टाकून सवय लावून राहिला तो," म्हणत. "पुन्ना नेईन अन् वरातीले जुंपीन. आन् उभा कुठी रायते, पायलं का? चोर आंधळ्या बाजूनंच येते, बाई."

मला ते पटलं. खोटं कशाला सांगू, संशय घ्यायला मलाही मजा येऊ लागली होती. रविवारी मी आमच्या गच्चीवर कपडे वाळत घालायला जरा जास्तच वेळ लावायची. एकदा गजू मोबाइलवर बायजाचे फोटो काढताना दिसला. मी तडक जाऊन अण्णाजींना सांगितलं. गिऱ्हाईकाला दाखवायला काढले असणार, यावर आमचं दोघांचं एकमत झालं. त्या दिवसापासून फाटकाला कडीबरोबर कुलूपही आलं.

मग अण्णाजींचं हृदय कुरकुरायला लागलं. चार पावलं चालले की बाजेवर बसत. मुलीने अमरावतीला कायमचं चला म्हणून धोशा लावला. तिथे दवाखाना जवळ, पण घर दुसऱ्या मजल्यावर. बाकीच्या जनावरांची सोय कशीबशी लागली, तिपाई आमच्याकडे आली. राहिली बायजा. एक शेतघरवाला आला, त्याला पाहुण्यांच्या मुलांना फेरी मारायला घोडी हवी होती. दुसऱ्याला मिरवणुकीसाठी हवी होती. अण्णाजींनी दोघांना चहाही न देता घालवलं. बायजाला घर मिळाल्याशिवाय हलणार नाही, हा त्यांचा हट्ट. आणि हलले नाहीत तर फार दिवस नाहीत, हे मुलीने मला फोनवर रडून सांगितलं होतं.

तपासण्यांसाठी म्हणून तिने त्यांना आठ दिवस नेलंच. जाताना किल्ली माझ्या हातात ठेवत अण्णाजी म्हणाले, "गजूले फाटकाच्या आत घेऊ नका."

ते गेले आणि बायजाने खाणं सोडलं. मी गूळ दिला, हरभरा भिजवून दिला, तोंड लावेना. तिसऱ्या दिवशी रविवार. गजू कुंपणाबाहेरून म्हणाला, "बाई, ते खात नाई ना?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?" मी वर्गात विचारावं तसं विचारलं.

"लीद नाई पडेल कुठीच. पोट धरलं तर जाईन ते."

मी किल्ली मुठीत घेऊन उभी राहिले. मग माझ्याही नकळत बोलून गेले, "हात दाखवा." त्याने दाखवले. लगाम धरून धरून दोन्ही तळव्यांना घट्टे पडलेले. अण्णाजींनी एवढ्यावरच त्याला हाकललं असतं. मी कुलूप काढलं.

तो आत आला आणि तसाच, आंधळ्या बाजूने, बोलत बोलत तिच्या खांद्यापाशी गेला. तिच्या पोटावरून हात फिरवत राहिला. तासाभराने बायजाने त्याच्या हातातली पहिली काडी ओढली. मी म्हटलं, "समोरून का नाही जात तिच्या? चोरासारखे काय लपता?"

गजूने माझ्याकडे पाहिलं नाही. "मले पायलं का नाचते ते," म्हणाला. "वरातीत मी समोर उभा रावो अन् ते पाय उचले. इथं आनल्यावर पयल्या इतवारी असाच समोर आलो. ढोल नाई, ताशा नाई, अन् सुजेल पायावर नाचाले लागली. पडली. तवापासून तिच्या दिसत्या बाजूले नाई गेलो मी."

"आणि ते फोटो?"

"मायले दाखवाले. ते रोज इचारते राणी कशी हाय."

मला माझी गच्ची आठवली आणि तोंड लपवावंसं वाटलं.

अण्णाजी परतल्यावर मी सगळं सांगितलं. ते माझ्यावरच भडकले. "त्यानं सांगतलं अन् तुमी मानलं? शिकेल बाई तुमी." पुढच्या रविवारी गजू आला तेव्हा त्यांनी स्वतः कुलूप काढलं आणि बाजेवर बसून म्हणाले, "समोर उभा राय तिच्या."

"नका लावू अण्णाजी. पाय दुखीन तिचा."

"एकदाच."

गजूने दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि घोडीच्या उजव्या डोळ्यासमोर आला. बायजाने कान टवकारले. मान कमानीसारखी केली. आणि तो अधू पाय उचलला, टेकवला, दुसरा उचलला. काळ्या मातीवर काहीही वाजत नसताना ती म्हातारी घोडी नाचायला लागली. टेकवताना दर वेळी गुडघा लचकत होता, तरी थांबेना. असं केविलवाणं मी दुसरं काही पाहिलेलं नाही. गजू पाठ फिरवून कुंपणापर्यंत गेला आणि तारेला धरून उभा राहिला.

अण्णाजी उठले, बायजाचा गुडघा बराच वेळ चोळत बसले. मग मान वर न करता त्यांनी विचारलं, "नाचनं कोनं शिकवलं इले?"

"म्याच."

"मंग इसरवनंबी तुलेच जमन. घेऊन जाय."

त्याच आठवड्यात बायजा टेम्पोतून अकोटला गेली आणि अण्णाजी अमरावतीला. संशय मात्र त्यांनी इथे ठेवला नाही, सोबत नेला. दर दोन-तीन आठवड्यांनी फोन यायचा, "बाई, अकोटले जाऊन या. सांगून जाऊ नका." मी एसटीने जायची, अचानक टपकायची, गोठ्याची जमीन कोरडी आहे का बघायची, पाण्यात बोट बुडवायची. गजूला सगळं कळायचं. वराती त्याने सोडून दिल्या होत्या, भाड्याचा टेम्पो चालवायचा. रोज सकाळी तो घास घेऊन बायजाच्या समोर लांबवर जमिनीवर बसायचा. ती पाय उचलायला लागली की उठून आंधळ्या बाजूला जायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायचा. पावसाळा असाच गेला.

हिवाळ्यातल्या एका दुपारी मी गेले, तर गजू गोठ्यात बायजाच्या अगदी समोर उभा होता. ताठ उभा. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा कडब्यात तोंड घातलं. चारही पाय जागच्या जागी. मी तिथूनच अण्णाजींना फोन लावला. आवाज फार खोल गेला होता त्यांचा. मी सांगितलं. मला वाटलं, आता खूर विचारतील, लीद विचारतील, पाणी विचारतील.

"गजू जेवला का?" त्यांनी विचारलं. "इचारा त्याले."

इतक्या वर्षांत माणसाची चौकशी त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदाच केली. पुढच्या आठवड्यात ते गेले, त्यामुळे शेवटचीही तीच. मी फोन कानाशी धरूनच गजूला विचारलं. सकाळपासून तो गोठ्यातून हलला नव्हता, त्याचा डबा खुंटीला बांधलेला तसाच होता.

"सांगा, जेवलो म्हनून," गजू डोळे पुसत म्हणाला.

"जेवला म्हणतो," मी सांगितलं.

"बरं," अण्णाजी म्हणाले, आणि पुढे काहीच विचारलं नाही.