गेटबाहेरचे दहा दिवस

माझं काम दोन वाक्यांत सांगता येतं. मालकाला धंदा वाढवायचा असेल तर मी कारखान्याची घडी बसवून देतो. विकून मोकळं व्हायचं असेल तर कारखाना मालकाशिवाय चालेल असा करून देतो. दुसरं काम जास्त अवघड, कारण त्यात मालक असतो.

आंबीत पत्र्याचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना आहे. सात प्रेस, एकतीस माणसं. मालकांना सगळे भाऊ म्हणत, म्हणून मीही. भाऊ सदुसष्ट वर्षांचे. दोन्ही मुली परदेशात, जावयांना पत्र्यात रस नाही. विकत घेणारे मिळाले होते. त्यांची अट एकच : भाऊंशिवाय पंधरा दिवस कारखाना नीट चालवून दाखवा. नाही चालला तर ते चाकणकडे दुसरा बघणार होते.

मी भाऊंना बजावलं, "पंधरा दिवस गेटच्या आत पाऊल टाकायचं नाही."

"शब्द दिला," भाऊ म्हणाले.

सुपरवायझर रोज संध्याकाळी मला फोनवर आकडे सांगायचा. आधी शंभरात दोन नग बाद व्हायचे, ते सव्वावर आले. जेवताना मी हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे अडचण भाऊंचीच होती?" मी म्हटलं, आकडे तरी तसं म्हणतात.

दहाव्या दिवशी मी आंबीला गेलो. सवयीप्रमाणे गेटवरचं रजिस्टर उघडलं. आदल्या दिवशी सुपरवायझर अकरा वेळा बाहेर गेला होता. त्याच्या आदल्या दिवशी बारा वेळा. कारणाच्या रकान्यात प्रत्येक वेळी 'चहा'. एवढा चहा पिणारा माणूस मी पाहिलेला नाही. मी बाहेर पडून वळणावरच्या टपरीपर्यंत चालत गेलो.

टपरीमागच्या बाकावर भाऊ बसले होते. मांडीवर वर्तमानपत्र, त्यावर सहा नग. एकेकाच्या कडेवरून अंगठा फिरवत होते.

"साहेब, आता हापीस हितंच हलवा की," टपरीवाल्या मावशी भाऊंना म्हणाल्या. "मला भाडं तरी मिळंल."

"भाऊ, आपलं काय ठरलं होतं?" मी विचारलं.

"गेटच्या आत यायचं न्हाई. आलो का? रजिस्टर बघा."

रजिस्टर मी पाहिलंच होतं. बाद माल का घटला तेही कळलं. आत असताना भाऊंना फोन, बिलं, भेटायला येणारे. बाकावर त्यांना दुसरं कामच नव्हतं.

घेणाऱ्यांना मी फोन करून खरं ते सांगितलं. ते म्हणाले, पुन्हा पंधरा दिवस, शेवटची संधी. मग मी सुपरवायझरला घेऊन बसलो. काल अकरा वेळा टपरीवर जाऊन भाऊंना काय काय विचारलंस? त्याने आठवून सांगितलं, मी लिहून घेतलं. नऊ प्रश्नांना भाऊंचं उत्तर एकच होतं : "तुला काय वाटतं? मग कर की तसं."

तो कागद मी भाऊंना दाखवला. त्यांनी दोनदा वाचला.

"म्हंजी माजी गरज न्हाई?"

"नऊ ठिकाणी नाही."

"आन् दोन ठिकाणी?"

दोन प्रश्न होते : प्रेसमधल्या पत्रा कापणाऱ्या डायला धार कधी लावायची, आणि दोन कंपन्यांनी एकाच दिवशी माल मागितला तर आधी कुणाला द्यायचा. दोन्हींचं उत्तर भाऊंच्या अंगठ्यात आणि डोक्यात होतं. चार दिवस बसून आम्ही ते कागदावर उतरवलं. मग भाऊ वहिनींना घेऊन कार्ल्याला मेहुणीकडे राहायला गेले. तिथून आंबीपर्यंत चालत येता येत नाही, हे मी आधी मोजून घेतलं होतं.

पंधरा दिवस झाले. माल वेळेवर गेला. एकदाच डायला धार लावायला उशीर झाला आणि चारशे नगांच्या कडा हाताने कानस मारून साफ कराव्या लागल्या. घेणारे म्हणाले, एवढं चालतं.

सही करायला भाऊ कार्ल्याहून आले. कागद पुढे ठेवले तरी पेन उघडेनात.

"काईच चुकलं न्हाई?"

मी चारशे नगांचं सांगितलं.

"धार ना?" भाऊ म्हणाले. "मला वाटलंच." पंधरा दिवसांत काय, गेल्या तीन महिन्यांत मी त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं. त्यांनी सगळ्या पानांवर सह्या केल्या, आणि मग त्या चारशेतला एक नग बघायला मागितला.