दुसरी पत्रिका

कापलेल्या क्रेडिट कार्डाचे दोन तुकडे ड्रॉवरमध्ये अजून आहेत. जवळ धरले की माझं नाव पुन्हा वाचता येतं. अनोळखी नंबरवरून मोबाइलवर लग्नपत्रिका आली होती. नात्यातलं कुणी असेल म्हणून उघडली, आणि तासाभरात माझ्या कार्डावर भलत्याच कुणीतरी खरेदी केली. बँकेला कळवलं, कार्ड बंद केलं, तक्रार नोंदवली. पैसे परत आले. संशय मात्र माझ्याकडेच राहिला. अनोळखी नंबरवरची प्रत्येक पत्रिका मी न उघडताच पुसत गेले.

काल मावसबहीण भेटली. लेकीच्या लग्नाला का आली नाहीस, असंही तिने विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "नंबर बदललाय गं माझा. पहिली पत्रिका देवापुढे ठेवली, आणि दुसरी तुलाच पाठवली होती."