बंद गाडीतली दहा मिनिटं

जुन्या व्हॅनमध्ये आम्ही शेगडी आणि झोपायची सोय करून घेतली होती. गगनबावड्याला निघालो, तर कोल्हापुरातच गॅसचा वास येऊ लागला. रस्त्याकडेला शेगड्या दुरुस्त करणाऱ्या एक बाई दिसल्या. पन्नाशीच्या, पदर खोचलेल्या. नाव विचारायचं राहूनच गेलं.

त्यांनी सिलिंडर बंद केला, दारं-खिडक्या उघडायला लावल्या. वास गेल्यावर सिलिंडर जरासा सोडून नळीच्या जोडाला साबणाचा फेस लावला. लगेच बुडबुडे फुगले. नळी तडकली होती.

"क्लिप आवळून द्या, पुढं बघू," मी घाईनं म्हणालो.

"पावणं, रातच्याला दारं लावून ह्यातच झोपणार न्हवं? नळी बदलल्याबिगार गाडी हलायची न्हाय."

त्यांनी नवी नळी बसवली, रेग्युलेटरचा झिजलेला वायसर बदलला. पुन्हा फेस लावला. आता एकही बुडबुडा आला नाही. माझी मुलगी आत चढू लागली, तशी बाईंनी तिला हातानंच थांबवलं.

"थांब बाळ. आधी मी बसून बघतो."

आत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं. दहा मिनिटं त्या नळीजवळ नाक नेऊन वास घेत होत्या. मी काचेतून बघत होतो. लेक माझी होती, आणि आत त्या बसल्या होत्या.