मठाच्या दारातला हिरवा चुडा

मी मठात जाणार म्हटल्यावर आमच्या गल्लीला एवढंच कळलं, की पोरगी घर सोडून चालली. बाकीचं गल्लीनं आपल्या मनानं ठरवलं.

साठ-एकसष्टची गोष्ट असेल. अकोल्यात जठारपेठेच्या बाजूला आम्ही राहायचो, गल्लीतलं एकुलतं एक ख्रिस्ती घर. मी नुकती मॅट्रिक झालेली आणि कशावरही फिदीफिदी हसणारी. मला सिस्टर व्हायचंय, हे अमरावतीच्या मठातल्या मदरना सांगतानासुद्धा मला हसू आवरेना. त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि पावसाळा संपेपर्यंत घरी धाडलं. तोवर नटायचं, लग्नांना जायचं, खायचं-प्यायचं. एवढं करूनही यावंसं वाटलं, तरच यायचं. देवानं मला बोलावलंय याची मला खात्री होती, पण त्या बोलावण्याची परीक्षा नटण्या-मुरडण्यावर होणार असेल तर माझं काही खरं नव्हतं.

पावसाळा सरला, माझं मन काही बदललं नाही, आणि शेजारच्या काकूंनी मला गडंगनेराला बोलावलं. लग्न ठरलेल्या मुलीला घरोघरी जेवू घालतात, ते. आईनं खूप समजावलं, की हे लग्न नाही. घर तर सोडते ना, असं म्हणून काकूंनी पुरण शिजायला टाकलं. मग काय, सगळी गल्लीच मागे लागली. आज इथे पुरणपोळी, उद्या तिथे पाटवडीचा रस्सा. मी जेवत होते आणि हसत होते. एका आजींनी नवरदेव कुठला म्हणून विचारलं, तर मी वर बोट दाखवलं. त्या बिचाऱ्या दोन दिवस माडीवरच्या भाडेकरूची चौकशी करत होत्या.

निघायच्या आदल्या दिवशी काकूंनी कासाराला बोलावून माझ्या दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या भरल्या. मी आरशासमोर हात हलवून पाहिले. बांगड्या मला भयंकर आवडल्या होत्या. जिला हे इतकं आवडतं, तिला कसलं आलंय देवाचं बोलावणं? मला रडूच फुटलं.

“काहून रडून राहिली व?” काकूंनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी माझ्या हातातल्या बांगड्या सारख्या केल्या.

“मंग नावडतं वायते काय कोनी देवाले?”

दुसऱ्या दिवशी आई मला घेऊन अमरावतीला आली. मठाच्या दारात मदरची नजर आधी माझ्या हातांवर गेली. बांगड्या काढायला गेले तर एकही निघेना, कासारानं अगदी घट्ट बसवलेल्या. फोडून टाकू, असं एक सिस्टर म्हणाल्या, तशी आई आडवी आली. जाणत्या वयापासून रोज रोझरीची माळ जपणारी माझी आई, पण घरातून निघालेल्या पोरीच्या हातातल्या बांगड्या ती फोडू देईना.

मदरनी मला विचारलं, “काढताना वाईट वाटेल?”

नाही म्हणायचं मी वाटेत घोकून ठेवलं होतं.

“फार वाईट वाटेल,” मी म्हणाले. “मला त्या खूप आवडतात. पण नावडतं कोणी देवाला वाहतं का?”

मदरनी बाह्या वर सारल्या आणि साबण मागवला. नळापाशी बसून त्या माझ्या हातांना फेस चोळू लागल्या. एकेक बांगडी सुळकन निसटायची, मला गुदगुल्या व्हायच्या आणि मी खिदळायचे. मग मदरही हसायला लागल्या, इतक्या की साबण दोनदा हातातून सुटला. हात मोकळे झाल्यावर त्यांनी ते स्वतःच्या झग्याला पुसले.

“चल आत,” त्या म्हणाल्या.

बांगड्या आईनं रुमालात बांधून काकूंना परत नेऊन दिल्या. पुढे मला भेटायला आली तेव्हा तिनं सांगितलं, की काकूंनी त्या आपल्या लेकीच्या हातात भरल्या नाहीत. देवघरात ठेवल्या. आईनं कारण विचारलं, तर म्हणाल्या, “ज्याले वायल्या, त्याले पोचल्या.”