औषध कालवणारे हात

"हात दाखव."

कुसुमवैनी खळ्यात उभी होती. वावर तिचं, कापूस तिचा. आम्ही अकरा बाया दिवसभराचा वेचा घेऊन रांगेत. माझ्या कापसावर रक्ताचे डाग होते. मी हात पुढे केला. तिनं माझ्या हाताला हात लावला नाही. तुरीची काडी उचलली आणि काडीनं माझी बोटं वर केली. वाळल्या बोंडांच्या टोकांनी बोटं फाटली होती. मला कळलंच नव्हतं.

"दुखत नाही?"

"नाही वैनी."

मग सगळ्यांना ऐकू जाईल अशी ती बोलली, "हिले महारोग झाला. हिचा कापूस तिकडं टाका. आन माठाले हात नको लावू देऊ."

त्या माठातलं पाणी सकाळी मीच भरलं होतं.

माझी जाऊ रांगेत होती. ती खाली बघून आपला कापूस बांधत राहिली. एका बाईनं आपली कापसानं भरलेली ओटी माझ्यापासून दूर सरकवली. आज्यानं धम्म घेतला त्याआधी आमच्या लोकांना पाणी वरून ओतायचे, हे मी ऐकून होते. ऐकलेलं अंगावर आलं. तेही वैनीकडून.

वैनी परकी नव्हती. तिची पोरगी झाली तेव्हा तीन महिने मी त्या लेकराला न्हाऊ घातलं, तेल चोळलं. वैनी माझ्याशी माहेरचं बोलायची. म्हणून तिनं सांगितलेल्या कामाला मी कधी नाही म्हटलं नाही.

फवारणीत पंप पाठीवर घ्यायला गडी असायचे. नाल्याचं पाणी आणून ड्रममध्ये औषध कालवायचं काम माझं. चार वर्षं. आम्ही विषाला औषधच म्हणतो. त्याआधी भाऊ, म्हणजे वैनीचा नवरा, स्वतः कालवायचा. मग वैनी म्हणाली, "त्याईच्या हाताले फोड येते. तूच कालव न बाई, तुहा हात कामाचा हाय." मला ते कौतुक वाटलं. कोपरापर्यंत हात घालून मी ढवळायची.

चौथ्या वर्षी बोंडअळी आली. भाऊनं दोन औषधं एकत्र ओतली. भादव्याचं ऊन, डोक्याएवढी कापसाची पराटी, वारा नाही. दुपारपर्यंत मला ओकाऱ्या सुरू झाल्या. तोंडातून लाळ, डोळ्यांतून पाणी, समोरचं धूसर. वावराच्या बांधावर, धुऱ्यावर पडले. वैनीनं मला ऑटोत घातलं आणि वाटेत माझ्या कानाशी म्हणाली, "डॉक्टरले ऊन लागलं म्हून सांगजो. औषधाचं नाव काढलं तर भाऊ अडकतीन."

मी तेच सांगितलं. सलाईन लावली. डॉक्टरनं ऊन लिहिलं. दोन दिवसांत घरी आले.

पंधरा-वीस दिवसांनी पोटऱ्यांत गोळे यायला लागले. तळपायाला मुंग्या. मग मुंग्याही गेल्या. चप्पल पायातून निघून जायची आणि मी तशीच चालायची. मागून कोणी हाक मारली की कळायचं. पुढं पाऊल उचलेना, फटफट आपटायला लागलं. नंतर बोटं बधिर. सासू म्हणाली अशक्तपणा आहे. तशीच मी वेचायला गेले, आणि तो दिवस आला.

खळ्यातून आल्यावर आठ दिवस मी घराबाहेर पडले नाही. नवऱ्यानं जबरदस्तीनं जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं एक तरुण डॉक्टरीणबाई होती. तिनं माझा हात हातात घेतला. कितीतरी दिवसांनी कोणीतरी घेतला. कोपरामागची नस चाचपली. अंगावर चट्टे पाहिले. कापूस फिरवून विचारलं, कळतं का. गुडघ्यावर, टाचेमागं हातोडी मारली. टाच हललीच नाही. चामडीचा नमुना तपासायला पाठवला.

"महारोग नाही," नमुन्याचा अहवाल आल्यावर ती म्हणाली. "चट्टा नाही, नस जाड नाही, नमुन्यात काही नाही. आणि असता तरी गोळ्यांनी बरा होतो. माणसाला वेगळं बसवायचं काम नाही."

मग तिनं समजावलं. पाठीच्या कण्यातून नसा निघतात आणि हातापायांच्या टोकापर्यंत जातात. काही हालचालीच्या, काही जाणिवेच्या. कधी एकच नस दबते, मग तेवढीच जागा बधिर होते. कधी सगळ्याच बिघडतात. तेव्हा सगळ्यांत लांबच्या आधी जातात, म्हणून पाय आधी, दोन्ही सारखे. साखरेनं होतं, दारूनं होतं, अंगात जीवनसत्त्व कमी पडलं तरी होतं. तुमची साखर ठीक, रक्त ठीक, दारू नाही.

"विषानंही होतं. तुम्ही काम काय करता?"

नवरा बोलला, "औषध कालवते."

तिला औषधांची नावं हवी होती. मी काठी टेकत वैनीच्या ओसरीवर गेले. खाली उभी राहूनच विचारलं.

वैनी म्हणाली, "तू कधी फवाऱ्याले होती? तूच तं डॉक्टरले सांगतलं, ऊन लागलं."

भाऊ आतून बाहेर आला नाही.

तेव्हा मला सगळं एकदम दिसलं. फोड येतात हे तिला आधीच माहीत होतं. नवऱ्याचे हात वाचवायला तिनं माझे हात मागितले. आणि महारोगाचं नाव घेतलं, कारण मग विषाचं कोणी विचारत नाही. मीच तिच्यासाठी खोटं बोलले, आणि त्याच खोट्यानं तिनं मला बाहेर काढलं. मी रडले नाही. दवाखान्यात परत गेले आणि म्हटलं, "बाई, मी खोटं बोलली होती. ऊन नव्हतं. लिहून घ्या." तिनं लिहिलं. मी खाली सही केली. पेन बोटांत ठरत नव्हता, पण केली.

पुढच्या फवारणीला वैनीनं माझ्या जावेला बोलावलं. मी वावरात गेले. जाऊ ड्रमपाशी वाकलेली, बाही वर केलेली. मी म्हटलं, "हात काढ."

जावेनं हात काढला. पाणी भरणाऱ्या दोघी थांबल्या. त्यांना मी माझी बोटं दाखवली, पाय दाखवला.

वैनी ओरडली, "सगळ्याईले कामावरून काढीन!"

मी म्हटलं, "काढा. पण या ड्रमात आमचा हात जाणार नाही. ज्याचं वावर, त्यानं आपला घालावा."

त्या दिवशी भाऊनं स्वतः कालवलं. हातमोजे घालून. मोजे घरात होते.

पाय पूर्ण सुधारणार नाहीत, असं डॉक्टरीणबाईनं स्पष्ट सांगितलंय. ते मी ऐकून घेतलं. पण फवारणी सुरू झाली की मी धुऱ्याधुऱ्यानं जाते. मालक हाकलतात. शिव्या देतात. मी उभी राहते, आणि कालवायला बसलेल्या बाईचा हात बाहेर निघेपर्यंत तिथून हलत नाही.